चित्रं काढणाऱ्या, सतत काहीतरी बनवणाऱ्या मुलीला कोडिंगची गोडी कशी लावावी?

पार्लेकर_आई

मुलगी १० वर्षांची, पाचवीत आहे. कात्री, पुठ्ठा, रंग आणि फेविकॉल मिळाला की जेवणाचीही शुद्ध नसते. आकाशकंदील घरीच होतो, दिवाळीचा किल्लाही. एका ऑनलाइन कोडिंग क्लासला घातलं होतं. तिथे सगळ्या मुलांनी एकच गेम करायचा, शिक्षक सांगतील तो ब्लॉक ओढायचा. महिन्याभरात कंटाळली. ‘कोडिंग म्हणजे कॉपी करणं’ असं तिचं मत झालंय, आणि तो क्लास बघितल्यावर मला तिला खोडूनही काढता येईना.

आता तिच्या डोक्यात गणपतीची आरास आहे. मखरापुढचा उंदीर असा हवाय की ताटलीत मोदक ठेवला की त्याने मान डोलवावी. घरात कोणालाच इलेक्ट्रॉनिक्समधलं काही येत नाही. हे तिच्या आवाक्यातलं आहे का? आधी स्क्रॅच (ब्लॉक जोडून कोडिंग करायचं सॉफ्टवेअर) शिकवावं की थेट यालाच हात घालावा? किट घ्यावं का, घेतलं तर कोणतं? ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, जागा म्हणजे जेवणाचं टेबल. बजेट अडीच-तीन हजार. गणपतीला अजून अडीच महिने आहेत.

कंपासपेटी

आवाक्यातलं आहे. अडीच महिने तर भरपूर झाले. किट मात्र घेऊ नका. किटबरोबर येणारी पुस्तिका म्हणजे परत तोच क्लास: दुसऱ्याने ठरवलेल्या गोष्टी दुसऱ्याने ठरवलेल्या क्रमाने. तुमच्या मुलीकडे ‘काय बनवायचं’ आधीच ठरलेलं आहे, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

उंदराचं जाणकार सांगतीलच. मी सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांपुरतं स्क्रॅचबद्दल लिहितो, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि तिची चित्रं त्यात थेट वापरता येतात. स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालं, २००७ पासून सगळ्यांना फुकट आहे, ८ वर्षांपुढच्या मुलांसाठी. ब्राउझरमध्ये चालतं. जुन्या लॅपटॉपवर बाकीचे टॅब बंद ठेवले की पुरतं.

पहिला नियम: स्क्रॅचमधलं तयार मांजर पहिल्याच दिवशी डिलीट करायचं. तिने कागदावर काढलेलं पात्र उजेडात, सावली न पडू देता फोनवर टिपा, मागचा पांढरा भाग फोनमध्येच पुसा आणि ‘अपलोड कॉस्च्यूम’ने आत घ्या (पात्राच्या चित्राला स्क्रॅचमध्ये कॉस्च्यूम म्हणतात). हात, मान, शेपटी हलवायची असेल तर ती वेगळ्या कागदावर काढून वेगवेगळे स्प्राइट, म्हणजे स्वतंत्रपणे हलणारी पात्रं, करायचे. इथे हमखास फसतं ते असं: हात फिरवायला गेलं की तो खांद्यातून न वळता कोपरातून गरगरतो, नाहीतर अंगापासून सुटून हवेत फिरतो. स्प्राइट फिरतो तो कॉस्च्यूमच्या मध्यबिंदूभोवती. चित्रकाम करायच्या खिडकीत बरोबर मधोमध एक बारीक खूण असते. सगळं चित्र निवडून असं सरकवायचं की खांदा त्या खुणेवर येईल. उंदराची मानही अशीच. ती आधी पडद्यावर डोलली तर पुठ्ठ्याच्या उंदराची मान कुठून वळायला हवी ते तिला आपोआप कळेल.

दुसरं, लोकलची अनाउन्समेंट. मुंबईतल्या मुलांना हे फार आवडतं. ‘पुढील स्टेशन’ एकदा रेकॉर्ड करायचं, मग एकेका स्टेशनचं नाव वेगळं: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर. आवाज तिचा स्वतःचा. नावांची एक यादी करायची, ‘कितवं’ नावाचा एक व्हेरिएबल (बदलता आकडा ठेवायची जागा), आणि स्पेसबार दाबला की तो एकाने वाढवून ‘पुढील स्टेशन’च्या मागे यादीतलं तेवढ्या क्रमांकाचं नाव वाजवायचं. आवाज वाजवायच्या ब्लॉकमध्ये जिथे नाव निवडायची पट्टी असते तिथे यादीचा गोल ब्लॉक सरळ टाकता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यामुळे नऊ स्टेशनांसाठी नऊ वेगळे ‘इफ’ (जर-तर) लिहीत बसतात.

यात दोन ठिकाणी गाडी अडते. ‘स्टार्ट साउंड’ वापरलं तर दोन्ही आवाज एकमेकांवर चढतात, ‘प्ले साउंड अनटिल डन’ वापरलं की एकापाठोपाठ येतात. आणि यादीतलं नाव व आवाजाचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. ‘दादर’च्या शेवटी चुकून एक स्पेस पडली असेल तर काहीच वाजत नाही, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. शेवटच्या स्टेशनानंतर काय करायचं हा प्रश्न ती स्वतःच काढेल, कारण गाडी दादरच्या पुढे गेली की शांतता पसरते. तेव्हा लगेच उत्तर सांगू नका.

तिसरं, रांगोळी. ‘ॲड एक्स्टेन्शन’मधून पेन घ्या. एक पाकळी अशी होते: रिपीट २, त्याच्या आत रिपीट ३० मध्ये ‘मूव्ह ४, टर्न ३’, आणि आतला रिपीट संपल्यावर ‘टर्न ९०’. पाकळी पूर्ण झाली की पेन सुरुवातीच्याच जागी, सुरुवातीच्याच दिशेने उभं असतं. मग ‘टर्न ४५’ आणि हे सगळं ८ वेळा, की आठ पाकळ्यांचं फूल तयार. ४५ का, तर ३६० भागिले ८. हे आधी सांगायचं नाही. तिला ५० टाकून बघू द्या: आठ पाकळ्यांनंतर फूल जुळत नाही, पण रिपीट ३६ केलं तर पाच फेऱ्या घेऊन पुन्हा बरोबर जुळतं आणि ३६ पाकळ्यांची जाळी पडते. ती जाळी आठ पाकळ्यांपेक्षा सुंदर दिसते, आणि ३६ च का हे ती विचारतेच.

फूल काढायला १५-१६ सेकंद लागतील, कारण स्क्रॅच सेकंदाला साधारण ३० पावलं दाखवतं आणि आपली ४८० आहेत. ‘मेक अ ब्लॉक’ने ‘पाकळी’ नावाचा स्वतःचा ब्लॉक करा, तिथे ‘रन विदाउट स्क्रीन रिफ्रेश’वर खूण करा. एकेक पाकळी फटकन उमटते. स्वतःच्या शब्दाचा ब्लॉक करता येतो हे कळणं मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. प्रोग्रॅमिंगमध्ये फंक्शन म्हणतात ते हेच. पण तो शब्द आत्ता नाही सांगितला तरी काही बिघडत नाही.

तांब्याची_तार

आता उंदीर. पार्लेकरताई, मी मायक्रोबिट हा प्रोग्रॅम भरून चालवायचा छोटा बोर्ड घ्या म्हणेन, दुसरी आवृत्ती. आर्डुइनो उनो या तशाच दुसऱ्या बोर्डाचा क्लोन स्वस्त पडतो, पण त्यात कोड टाइप करावा लागतो, ड्रायव्हरचं लफडं निघतं, आणि दहा वर्षांच्या मुलीचा पहिला रविवार ‘पोर्ट दिसत नाही’ यातच जातो. मायक्रोबिट स्क्रॅचसारख्या ब्लॉकनेच चालतो. मेककोड ही साइट ब्राउझरमध्ये उघडा. तिथे डावीकडे खोटा बोर्ड दिसतो. सर्व्होचा (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरचा) ब्लॉक टाकला की सर्व्होसुद्धा चित्रात येऊन हलतो. त्यामुळे अर्धं काम एक रुपया खर्च न करता होऊन जातं. ते जमल्यावरच खरेदीला जा.

लागतं काय: मायक्रोबिट (दोन हजारांच्या आसपास), एसजी ९० हा छोटा निळा सर्व्हो (शंभर-दीडशे), चार पेन्सिल सेलचं होल्डर, दहाएक क्रोकोडाइल क्लिपच्या वायरी, थोड्या मेल-मेल जंपर (दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरी) आणि एक छोटा ब्रेडबोर्ड (वायरी खुपसून जोडायची भोकांची पाटी). लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून, हे सगळं सुटं मिळतं. बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, शनिवारी जा आणि तिला बरोबर न्या. यूएसबी केबल घेताना ‘डेटावाली’ असं स्पष्ट सांगा. घरातल्या जुन्या फोनच्या अर्ध्या केबली फक्त चार्जिंगच्या असतात. तशी लावली तर बोर्डावरचा दिवा लागतो पण लॅपटॉपला बोर्ड दिसत नाही, आणि माणूस बोर्डच खराब निघाला म्हणून दुकानात भांडायला जातो. बोर्ड जोडल्यावर ‘मायक्रोबिट’ नावाची ड्राइव्ह दिसायला हवी. ‘मेंटेनन्स’ दिसली तर केबल लावताना मागचं रीसेटचं बटण दाबलं गेलंय. केबल काढून, बटणाला हात न लावता परत लावा.

मोदक म्हणजे स्विच. पुठ्ठ्याच्या ताटलीवर ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन पट्ट्या, मध्ये अर्धा सेंटीमीटर जागा. एक पट्टी बोर्डाच्या पी१ या पिनला, दुसरी जीएनडीला (ग्राउंड, म्हणजे वजा बाजूच्या पिनला). मोदक मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा करा, बुडाला फॉइल. तो ठेवला की दोन पट्ट्या जोडल्या जातात. हलका मोदक नीट टेकत नाही, म्हणून आत एखादा नट किंवा नाणं दडपा. फॉइल स्वयंपाकघरातलीच घ्या. चॉकलेटच्या रंगीत चांदीवर लेप असतो, तिच्यातून वीज जात नाही. फेविकॉल फक्त खालच्या बाजूला. वरच्या अंगाला पातळ थर जरी वाळला तरी काम बंद. खरा उकडीचा मोदक वापरायची हौस असेल तर आत्ताच सांगतो: ओल्या पिठातून जेमतेम वीज जाते, कधी चालेल कधी नाही, आणि मुंग्यांचा बंदोबस्त वेगळा.

पी० न घेता पी१ घ्यायचं कारण: या बोर्डावर सूर वाजवला की तो स्पीकरबरोबर पी० वरूनही बाहेर पडतो. मुलगी पुढेमागे आरतीची चाल वाजवायला जाणारच, मग मोदक वेड्यासारखा वागेल.

सर्व्होला तीन वायरी: तपकिरी जीएनडी, लाल वीज, नारिंगी सूचना. नारिंगी पी२ ला. लाल थेट सेलच्या होल्डरच्या लाल वायरीला. आणि होल्डरची काळी, सर्व्होची तपकिरी व मायक्रोबिटचा जीएनडी या तिन्ही ब्रेडबोर्डच्या एकाच ओळीत. ताटलीची दुसरी पट्टीही त्याच ओळीत आली तर उत्तम. हे तीन जीएनडी एकत्र नसतील तर सर्व्हो थरथरतो किंवा मनाला येईल तसा फिरतो, आणि दोष कोडमध्ये शोधत रात्र जाते. होल्डरची लाल वायर मायक्रोबिटच्या तीन व्होल्टच्या पिनला कधीही लावायची नाही. चार सेलचे सहा व्होल्ट तिथे गेले की बोर्ड गेला. हे एकच काम मोठ्या माणसाने दोनदा बघावं, बाकी तिला करू द्या. क्लिप बोर्डाच्या कडेला काटकोनात लावा. तिरकी बसली तर शेजारच्या बारीक पट्ट्यांना टेकते.

मायक्रोबिटच्या तीन व्होल्टवरच सर्व्हो चालवून बघायचा मोह होतो, कारण कधीकधी तो चालतोही. मग पुठ्ठ्याचं डोकं लावलं की जोर कमी पडतो, सर्व्हो जास्त करंट ओढतो, बोर्ड बंद पडून परत चालू होतो आणि उंदीर दर दोन सेकंदांनी दचकल्यासारखा दिसतो.

कोड ब्लॉकमध्ये असा. ‘ऑन स्टार्ट’मध्ये (सुरुवातीला एकदाच चालणारा भाग) पी१ ला पुल-अप लावायचा, म्हणजे काही जोडलेलं नसताना तिथे एक वाचला जातो, आणि पी२ वरचा सर्व्हो ९० अंशांवर न्यायचा. हे चालवून सर्व्हो ९० वर थांबल्यावरच त्याची पांढरी पट्टी आणि तिच्यावर डोकं बसवायचं, म्हणजे मान दोन्हीकडे सारखी वळेल. हाताने पिळून जागेवर आणू नका, आतल्या प्लास्टिकच्या दात्या तुटतात. ‘फॉरेव्हर’मध्ये (सतत फिरत राहणारा भाग): पी१ वरून डिजिटल रीड शून्य आला तर मोदक आहे, एक आला तर नाही. शून्य असेल तर तीनदा ७५, थांबा, १०५, थांबा.

आता दोन गमती. थांबायचा ब्लॉक विसरला तर मान हलतच नाही, नुसती घुरघुर येते, कारण पोचायच्या आत उलटा हुकूम सुटतो. आणि थांबा टाकला तरी ती झटका देऊन वळते, कारण एसजी ९० ला ६० अंशांसाठी सेकंदाचा दहावा भाग पुरतो. उंदीर डोलायला हवा असेल तर फॉर-लूपने एकेक अंश सरकवा, मध्ये २० मिलिसेकंद. ७५ ते १०५ जायला अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त लागतं. डोलणं दिसतं ते असं.

दुसरी गंमत: मोदक ताटलीत राहिला तर उंदीर सेल संपेपर्यंत डोलत बसेल. म्हणून ‘खाल्ला’ नावाचा व्हेरिएबल. मोदक दिसला आणि ‘खाल्ला’ शून्य असेल तरच डोलायचं, मग तो एक करायचा. मोदक उचलला की परत शून्य. हे तिला समजावून सांगू नका. एकदा न थांबणारा उंदीर बघू दे, उपाय तीच मागेल.

चाळ_नंबर_३

वरच्या दोघांशी सहमत, पण सर्व्होआधी दोन रविवार कागदी सर्किटवर घालवा. जिने आयुष्यात एकही दिवा स्वतः लावलेला नाही तिला जीएनडी तीन ठिकाणचा एकत्र का करायचा हे कळणार नाही, ती नुसतं सांगितलेलं जोडेल. म्हणजे परत कॉपी.

लागतं ते: चिकट तांब्याची पट्टी, ५ मिलिमीटरचे एलईडी, सीआर २०३२ बटण सेल. शुभेच्छापत्र किंवा छोटा कंदील करा. सेल ३ व्होल्टचा, त्याला एलईडी थेट लावला तरी चालतो कारण हा सेल जास्त करंट देऊच शकत नाही. पेन्सिल सेलच्या होल्डरवर मात्र रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा भाग) हवाच, २२० ओहम, म्हणजे लाल-लाल-तपकिरी पट्ट्यांचा. एलईडीचा लांब पाय प्लसला.

पट्टी वळणावर कापून दुसरी चिकटवू नका, दुमडून वळवा. चिकट बाजूतून वीज नीट जात नाही आणि जोड तिथेच दगा देतो. आणि एक अनुभव प्रत्येकाला येतो: लाल आणि निळा एलईडी शेजारी शेजारी समांतर लावले तर लालच पेटतो, निळा मेल्यासारखा. निळा खराब नसतो. लालला साधारण २ व्होल्ट पुरतात, निळ्याला ३ लागतात, आणि लाल सगळ्यांना आपल्या पातळीवर खाली ओढतो. लाल काढला की निळा पेटतो. एका सेलवर एकाच रंगाचे लावा. दोन एलईडी एकामागे एक, ओळीत जोडले तर कोणताच पेटत नाही. तिला आधी कागदावर अंदाज लिहायला लावा, मग जोडायला.

घरात लहान भावंडं असतील तर बटण सेल उंचावर, बंद डबीत. गिळला तर अन्ननलिका भाजते, काही तासांत. तसं झालं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

मखरातली बाजारची २३० व्होल्टची माळ आणि तिची फॉइल-ताटली यांच्यात हातभर अंतर ठेवा. समई-निरांजनापासूनही कागद आणि वायरी लांब. उंदराला पुठ्ठाच वापरा. थर्माकोल नको.

पार्लेकर_आई

मनापासून आभार. तांब्याची पट्टी झाली, लाल-निळ्याचा प्रकार अगदी तसाच झाला. अंदाज चुकला म्हणून बाईसाहेब आधी रुसल्या, मग कंदिलात चार निळे लावले. रांगोळीत ५० ऐवजी १०० टाकून बसली आहे, थांबतच नाही.

मायक्रोबिट आणला. खोट्या बोर्डावर सगळं चालतं. खऱ्या बोर्डावर उलटं होतंय: मोदक ठेवल्यावर काहीच नाही, उचलल्यावर उंदीर डोलतो. तोही कधी, तर कधी नाही. कोड तिने स्वतःच्या मनाने थोडा बदललाय, जांभळ्या रंगाचा एक ब्लॉक वापरलाय ज्यावर ‘ऑन पिन प्रेस्ड’ आहे. तो तिला जास्त आवडला. चूक आमची की वस्तूची?

तांब्याची_तार

ब्लॉकची. तो ब्लॉक दाबून सोडल्यावर चालतो, दाबताक्षणी नाही. बोटासाठी केलेला आहे, बोट टेकून उचलतं. मोदक ठेवून तसाच राहतो, म्हणून उचलताना ‘सोडलं’ असं समजून उंदीर डोलतो. स्वतः ब्लॉक शोधून लावला हे फार छान. तो टाकून देऊ नका, ‘मोदक पळवला की उंदीर चिडतो’ असा दुसरा खेळ त्याच ब्लॉकने होतो. ठेवल्यावरच डोलायला हवा असेल तर ‘फॉरेव्हर’ आणि डिजिटल रीडकडे परत या.

‘कधी होतं कधी नाही’ हा वेगळा आजार आहे, त्यासाठी काम अर्ध्यातून तोडून बघायचं. नवा छोटा प्रोग्रॅम: पी१ ला पुल-अप, ‘फॉरेव्हर’मध्ये पी१ चा डिजिटल रीड ‘शो नंबर’ने दाखवा. बाकी काही नको. दिव्यांवर १ दिसेल. मोदक ठेवला की ० व्हायला हवा. झाला नाही तर दोष फॉइल, क्लिप, मोदकाच्या बुडात. पी१ आणि जीएनडीच्या क्लिप एकमेकींना नुसत्या टेकवा: आता ० आला तर वायरी ठीक, ताटली नापास. तरीही १ च असेल तर क्लिप बोर्डावर नीट बसलेली नाही. मोदकाने दर वेळी बरोबर ० येत असेल तर ताटलीला हात लावू नका, गडबड कोडमध्ये आहे. सर्व्होचीही अशीच वेगळी परीक्षा: बटण ए दाबलं की ७५, बी दाबलं की १०५, बस्स. हे दोन छोटे प्रोग्रॅम वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा, पुढे गणपतीत रोज उपयोगी पडतील.

खोट्या बोर्डावर सगळं चाललं याचा अर्थ फक्त कोड चालला. तिथे फेविकॉल नसतो.

कंपासपेटी

१०० अंशांना १८ पाकळ्यांवर फूल जुळतं, १८ गुणिले १०० म्हणजे पाच पूर्ण फेऱ्या. पण तिने रिपीट ३६ च ठेवला असेल तर त्याच पाकळ्या दोनदा काढल्या जातात. तिला रेषेचा रंग दर पाकळीला बदलायला सांगा, दुसऱ्या फेरीत पहिल्या रेषांवरून रंग चढताना दिसेल, मग स्वतःच आकडा कमी करेल.

अडकल्यावर तिच्या हातातून माउस घेऊ नका. तीनच गोष्टी विचारा: काय व्हायला हवं होतं, काय होतंय, आणि कुठपर्यंत बरोबर चालतंय. तिसऱ्याचं उत्तर देताना बहुतेक वेळा चूक तिलाच दिसते. नाही दिसली तर इथे विचारा, पण प्रश्न तिने लिहिलेला असू दे.

शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) आहे का तेही बघा. ती सहावीपासून असते, म्हणजे तिला पुढच्या वर्षी. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात इनोव्हेशन हब आहे, तिथे चौकशी करा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये बऱ्याच मालिका मराठी आवाजात आहेत, तुम्हाला स्वतःला शिकायचं असेल तर उपयोगी. पायथॉनची, म्हणजे टाइप करून लिहायच्या कोडिंगच्या भाषेची, घाई नको. मेककोडमध्ये वर एक बटण आहे, ते दाबलं की तिचाच ब्लॉकचा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहिलेला दिसतो. कधीतरी ती ७५ चा आकडा तिथेच बदलून बघेल.

पार्लेकर_आई

मोदकाच्या बुडालाच फेविकॉल निघाला. फॉइल बदलली, आता दर वेळी ० येतो. ‘खाल्ला’ अजून लावलेला नाही, सध्या उंदीर थांबतच नाही आणि घरात सगळे हसतायत. दहा दिवस सेल पुरतील का? आणि विसर्जनाच्या वेळी हे काढायचं कसं, डोकं तर तिने हॉट ग्लूने चिकटवायला घेतलंय.

तांब्याची_तार

ग्लू सर्व्होच्या अंगाला किंवा दांड्याला नको, आत ओघळला की जाम होतो. पांढरी पट्टी डोक्याला चिकटवा आणि पट्टी सर्व्होवर तिच्या छोट्या स्क्रूने बसवा. स्क्रू काढला की डोकं सुटतं. सर्व्हो उंदराच्या पोटात पुठ्ठ्याच्या खाचेत ठेवा, सर्व्होच्या दोन्ही बाजूंच्या कानांना रबरबँड. मूर्ती उठवायच्या आधी ताटली, बोर्ड, सर्व्हो सगळं बाहेर काढा, पाण्यात फक्त मूर्ती.

‘खाल्ला’ लावलात तर सेल बऱ्यापैकी टिकतील, न लावता दहा दिवसांची आशा ठेवू नका. सर्व्हो एका जागी धरून उभा असतानाही थोडा करंट ओढत राहतो, म्हणून स्विचवालं होल्डर घ्या आणि रात्री बंद करा. चार्ज होणारे सेल असतील तर चारचे मिळून ४.८ व्होल्ट, सर्व्होला तेवढे पुरतात. चारही एकाच जातीचे आणि एकाच वेळी चार्ज केलेले हवेत. नवे-जुने मिसळले तर जुना आधी झोपतो आणि बाकीचे तीन त्याला उलटा चार्ज करून गळायला लावतात. गणपती झाल्यावर होल्डरमधून सेल काढून ठेवा.